सोसण्याचं भाडं

आमच्या एस्टोनियात शेतघराला म्हणतात 'तालु',
आणि सोसण्याला 'तालुमा'.
दोन्ही शब्द एका आईचे की नुसते शेजारी,
ते पंडितांना विचारा.
मी वीज कंपनीचा माणूस,
माझ्या फाइलीत तिसराच शब्द असतो: 'तालुमिस्तासु',
म्हणजे परक्याची तार आपल्या रानावरून जाऊ दिल्याबद्दल
वर्षाकाठी मिळणारं
सोसण्याचं भाडं.

सालमे ऑयनास. वय ब्याऐंशी.
व्होरूच्या दक्षिणेला, डांबर संपतं तिथून पुढे.
खांब तीन.
देय रक्कम एकोणीस युरो बारा सेंट.

दार उघडलं तेव्हा तिच्या हातात अर्धा सोललेला बटाटा.
"खांब मोजायला आलास? तीनच आहेत.
रात्रीत व्याले नाहीत."

मी समजावलं: खांब जाणार आता,
केबल पुरायची, मीटरभर खोल,
वरती गवत पूर्वीसारखंच, फक्त झाड लावायचं नाही,
आणि आमच्या माणसांना येण्याजाण्याचा हक्क, कायमचा.

"कायमचा म्हणजे कधीपर्यंत?"

याचं उत्तर कलम चारमध्ये आहे.
मी ते वाचून दाखवलं.
तिनं तोवर बटाटा सोलून संपवला.

"एकोणपन्नासच्या मार्चमध्येही एक जण कागद घेऊन आला होता.
त्यानं बूट पुसले नव्हते. तू पुसलेस.
मी सात वर्षांची. आम्हाला मालगाडीत घातलं,
आणि आम्ही सायबेरियात असताना
सामुदायिक शेतीवाल्यांनी हे खांब रोवले.
त्र्याण्णव साली जमीन परत मिळाली,
खांबांसकट.
हरवलेला घोडा सापडावा
आणि त्याच्यावर कुणीतरी आधीच बसलेलं असावं, तसं.
वर तुम्ही मला त्या स्वाराचं भाडं देता."

मग तिनं रबरी बूट चढवले नि मला रान दाखवायला निघाली.
हे मुंग्यांचं वारूळ, इथून खणायचं नाही.
हा जुन्या विहिरीचा दगड, याला हात लावायचा नाही.
मी नकाशावर पेन्सिलीनं वळणं घेत गेलो,
सरळ रेघेचा पार साप झाला.

टेकाडापलीकडे काउपोचा गोठा.
तार जाते ती त्याच्याकडेच.
त्या मार्चमध्ये स्टेशनापर्यंतची घोडागाडी
काउपोच्या बापानं हाकली होती.
हे तिनं सांगितलं नाही.
हे मला तालुक्यात आधीच कळलं होतं.

"लाइट गेली की त्याचं दूध नासतं ना?"
"नासतं."
"नासू दे, असं मी तीस वर्षं म्हणतेय."
थोडं चालून पुन्हा म्हणाली,
"आणि तीस वर्षं वादळ झालं की
फाटकाची कडी काढून ठेवते, तुमच्या गाडीसाठी.
कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही."

तिसऱ्या खांबावर करकोच्याचं घरटं होतं,
बैलगाडीच्या चाकाएवढं.
"हा राहू दे. याचं भाडं नको."
मी म्हणालो, बाई, तार काढल्यावर
खांब ठेवण्यासाठी आमच्याकडे रकाना नाही.
आणि खरं सांगायचं तर,
करकोचा तरी कुठे तुम्हाला विचारून आला?

ती वर बघत राहिली.
"नाही विचारलं.
पण तो दर ऑगस्टला जातो."

सही तिनं केली, नोटरीसमोर, वाकडी पण ठसठशीत.
'कधीही प्रवेश' या शब्दांपुढे
मला पेन्सिलीनं 'विचारून' लिहायला लावलं.
नोटरीनं चष्म्यावरून पाहिलं, खोडलं मात्र नाही.
तसंही पेन्सिलीला कायदा मानत नाही.

ऑक्टोबरात चर खणला, दोन दिवसांत बुजवला.
दोन खांब उपटले.
तिसऱ्याबद्दल अहवालात मी लिहिलं:
'आढळला नाही.'